केनियातल्या मुलांच्या ख्रिस्ती स्पोर्ट्स कॅम्पला व्हॉलंटियर म्हणून जायचंय? आधी काय, मग काय, सगळं क्रमाने

मे महिन्यातली व्हीबीएस (मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर) संपली की तरुण संघात कुणीतरी विषय काढतंच की आता बाहेर कुठेतरी जाऊन मुलांमध्ये सेवा करूया, आणि त्यात केनियाचं नाव हमखास निघतं. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांत पोचतो, इंग्रजीवर बरंच काम भागतं आणि तिकडच्या मंडळ्या (म्हणजे चर्च) ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत असे कॅम्प घेतात. इथपर्यंत सगळं ठीक. पुढे मात्र लोक उलटे जातात, म्हणजे आधी स्वस्त तिकीट दिसलं म्हणून बुकिंग, मग टी-शर्ट छापायचे, मग वर्गणी, आणि शेवटच्या आठवड्यात कळतं की यलो फीव्हरची लस राहिलीय, कॅम्पवाल्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन मागितलंय आणि आपण तिथे जाऊन नक्की करणार काय हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही.

याचा फटका आपल्याला कमी आणि तिकडच्या मुलांना जास्त बसतो, म्हणून हे लिहितेय. ऑगस्टचा कॅम्प असेल तर मार्चला कामाला लागा, आणि खालचा क्रम बदलू नका.

## १. आधी यजमान पक्का करा

यजमान म्हणजे केनियातली मंडळी, शाळा किंवा संस्था, जी तो कॅम्प घेते. कॅम्प त्यांचा आहे आणि तुम्ही मदतीला चाललाय, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं हवं. "आम्ही येतो आणि तुमच्याकडे कॅम्प घेतो" असा मेल पाठवलात तर नम्र लोक आहेत, हो म्हणतील, पण मग मुलं गोळा करणं, जेवण, मैदान, पालकांच्या परवानग्या हे सगळं ओझं त्यांच्या डोक्यावर आणि कार्यक्रम मात्र आपला, असं होऊन बसतं.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर एवढं विचाराच:

- कॅम्प आधीपासून चालू आहे का, की तुमच्यासाठी नव्याने उभा करतायत?
- मुलं कुठल्या वयाची, साधारण किती, आणि तिथले स्थानिक कोच किती?
- वर्षभर त्या मुलांसोबत कोण असतं?
- मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम आहेत का, आणि त्याची जबाबदारी नेमकी कुणाकडे आहे?
- पालकांना आधीच सांगितलंय का की खेळासोबत बायबलची गोष्ट आणि प्रार्थना असणार आहे?

शेवटच्या प्रश्नाला "त्यात काय सांगायचं" असं उत्तर आलं तर थांबा. केनियात ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत हे खरं, पण मोंबासाकडे, पूर्ण किनारपट्टीवर आणि नैरोबीच्या ईस्टलीसारख्या भागात मुस्लिम कुटुंबं भरपूर आहेत आणि फुटबॉल म्हटल्यावर त्यांचीही मुलं येणार. पालकांना माहीत नसताना त्यांच्या मुलाला प्रार्थनेला बसवणं मला मुळीच मान्य नाही, आणि असं करून सुवार्तेचं भलंही होत नाही.

सावधान: कॅम्पला जोडून "अनाथाश्रमात दोन दिवस मुलांसोबत" असं पॅकेज कुणी देत असेल तर नाही म्हणा. केनिया सरकारने २०१७ मध्येच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, कारण पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना घरापासून लांब ठेवण्याचे प्रकार होत होते. रोज संध्याकाळी मुलं आपापल्या घरी जातात असा डे कॅम्प निवडा.

## २. तुमचं काम कागदावर घ्या

"मुलांमध्ये सेवा" हे काम नाही. काम म्हणजे "दहा ते बारा वयाच्या गटात स्थानिक कोचचा असिस्टंट", "सकाळचं रजिस्टर आणि हजेरी", "फर्स्ट एड टेबल", "साहित्य आणि पाणी". यातलं तुमचं कोणतं ते यजमानांकडून लेखी घ्या. मुख्य कोच शक्यतो तिकडचाच असावा, कारण तुम्ही निघून गेल्यावर मूल ज्याच्याकडे जाणार आहे त्याचाच शब्द मैदानावर चालायला हवा. ज्यांना खेळ अजिबात येत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, रजिस्टरवर बसणारा शांत माणूस कॅम्पला फार लागतो.

१८ वर्षांखालच्या कुणाला टीममध्ये घेऊ नका, पास्टरसाहेबांचा मुलगा असला तरी.

तपासा: टीममधल्या प्रत्येकाला "तू तिथे काय करणार" असं विचारा. एका वाक्यात उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका.

## ३. पोलीस पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोक पासपोर्ट ऑफिसच्या पीसीसीसाठी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) अपॉइंटमेंट घेतात आणि हात हलवत परत येतात, कारण ते पीसीसी नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, परदेशात वास्तव्य अशा कामांसाठी असतं, टुरिस्ट म्हणून जाणाऱ्याला ते देत नाहीत. आपल्याला लागतं ते महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, मग स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. यजमानांना हे चालेल का ते आधी विचारून घ्या. पत्ता बदललेला असेल, भाड्याने राहत असाल तर वेळ लागतो, म्हणून हे मार्च-एप्रिलमध्येच उरका. सोबत दोन संदर्भपत्रं घ्या, एक पाळकांचं आणि दुसरं मंडळीबाहेरच्या कुणाचं, ज्याने तुम्हाला मुलांसोबत काम करताना पाहिलंय.

"आपल्याच मंडळीतला आहे, ओळखतो आम्ही" म्हणून कुणाची पडताळणी सोडू नका. सगळ्यांची, म्हणजे पाळकांचीसुद्धा.

मग नियम. यजमानांचे नियम वाचून सही करा, आणि त्यांच्याकडे काही लिहिलेलं नसलं तरी एवढं पाळा:

- कुठल्याही मुलासोबत बंद जागेत एकटं थांबायचं नाही. दोन मोठी माणसं, आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी.
- लहान मुलांना टॉयलेटला नेणं हे स्थानिक बाईमाणसाचं काम, तुमचं नाही.
- मुलांशी फोन नंबर, इन्स्टा, व्हॉट्सॲप काहीही देवाणघेवाण नाही.
- फोटो फक्त नेमलेल्या एका माणसाने, पालकांच्या लेखी परवानगीने. केनियात २०१९ पासून डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी फाटक्या कपड्यातल्या मुलाला कडेवर घेऊन स्टेटसला फोटो टाकणं बरोबर नाही. तुमच्या स्वतःच्या पोराचा असा फोटो कुणी परक्याने टाकला तर चालेल का?
- एखाद्या मुलाने तुमच्याजवळ येऊन घरचा मार, छळ असं काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे द्यायचे. केनियात मुलांसाठी ११६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

## ४. परवानगी कुठली, ते यजमानांकडून लेखी

भारतीयांना केनियात जाण्याआधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, घ्यावा लागतो, जानेवारी २०२४ पासून जुन्या व्हिसाच्या जागी तो आला. पण ईटीए मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही, आणि पगार नसलेलं काम हेही काम धरलं जाऊ शकतं. थोड्या काळासाठी तिकडे स्पेशल पास असतो आणि लांबच्या मुक्कामाला धार्मिक-धर्मादाय कामाचं वेगळं परमिट. तुमच्या कॅम्पला यातलं काय लागतं हे यजमानांनी तिकडच्या इमिग्रेशन खात्याला विचारून तुम्हाला लेखी कळवायचं.

सावधान: "टुरिस्ट म्हणून या, कुणी विचारलं तर सफारीला आलोय म्हणा" असं सांगणारे भेटतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर खोटं बोलून सेवेला सुरुवात करायची नाही. शिवाय पकडले गेलात तर तुम्ही परत याल, पण यजमान मंडळीचं नाव खराब होईल ते कायमचं.

## ५. लस आणि गोळ्या

गंमत अशी की यलो फीव्हरची लस केनियापेक्षा आपल्याच देशात परत यायला लागते. केनिया यलो फीव्हरच्या यादीतला देश आहे, आणि तिथून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरून थेट क्वारंटाइन, सहा दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, आणि एकदा घेतलं की आता आयुष्यभर चालतं. लस फक्त केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्रावर मिळते, तीही ठराविक वारी आणि नंबर लावून, म्हणून जूनमध्येच घ्या. मूळ पासपोर्ट सोबत न्या आणि लसीच्या प्रमाणपत्राच्या पिवळ्या कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून जुळवून बघा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या वरचं वय किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मलेरियाचं ठिकाणावर अवलंबून आहे. नैरोबी शहरात धोका कमी, पण किसुमू आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर, तसंच किनारपट्टी, इथे बराच जास्त. कुठली गोळी ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही त्यांना एवढं आवर्जून सांगा की दिवसभर उन्हात मैदानावर असणार आहे, कारण डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते. आणि गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सिसायक्लिन तर चार आठवडे. घरी आल्यावर लोक बंद करतात, तिथेच चुकतं.

धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ए यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

## ६. आता पैसे, तिकीट, ईटीए, विमा

हो, तिकीट इतक्या उशिरा. कारण ईटीएच्या फॉर्ममध्ये विमानाची आणि राहण्याची माहिती भरावी लागते, आणि राहण्याचं यजमानांशिवाय ठरत नाही. फॉर्म फक्त ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई या सरकारी साइटवर भरा, गूगलवर वरती दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि जास्तीचे पैसे लावतात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी आणि कोरी पानं हवीत.

पैशांचं एक महत्त्वाचं. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशातला खर्च करण्याआधी सीएला विचारा, कारण धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेला पैसा साधारणपणे आयकराच्या सवलतीत धरत नाहीत. शक्यतो प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खात्यातून करावा.

विमा घेताना दोन गोष्टी बघा, खेळताना झालेली दुखापत त्यात आहे का आणि आणीबाणीत विमानाने हलवण्याचा खर्च आहे का.

## ७. सामान: काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही

बॉल न्यायचे असतील तर हवा काढून न्या, पंप आणि दोन-तीन सुया चेक-इन बॅगेत. पण आधी यजमानांना विचारा, कारण चांगले बॉल नैरोबीत मिळतात आणि तिथेच घेतले तर पैसा तिथल्या दुकानदाराला जातो. दहा किलो चॉकलेटं, जुने कपडे, पेन्सिल बॉक्स नेऊ नका. शंभर मुलं आणि साठ वस्तू असल्या की काय होतं ते व्हीबीएसमध्ये प्रत्येकाने बघितलंय. काही द्यायचं असेल तर ते यजमानांकडे द्या आणि त्यांनी त्यांच्या हाताने, त्यांच्या पद्धतीने वाटू दे.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नकोत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड मोठा आहे. चपला, बिब्ज (संघ ओळखायला वरून घालायची रंगीत जाकिटं), ओले कपडे सगळं कापडी पिशव्यांत भरा.

स्वेटर घ्या! आफ्रिका म्हटलं की लोक फक्त सुती टी-शर्ट भरतात, पण नैरोबी जवळपास १,७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, आणि जुलै-ऑगस्ट हे तिकडचे सगळ्यात गार महिने. सकाळी कुडकुडायला होतं, दुपारी ऊन चांगलंच लागतं. टोपी, सनस्क्रीन, तीन चौकोनी पिनांचा प्लग ॲडाप्टर, आणि साध्या तळाचे बूट. स्टड्सचे (तळाला टोकदार खुंट्या असलेले) बूट घरी ठेवा, कारण मैदानावर बरीच मुलं अनवाणी असतात आणि तुमचा स्टड कुणाच्या पायावर पडला तर कॅम्प तिथेच संपला.

## ८. निघण्याआधीचा सराव

निदान तीन-चार शनिवार सगळ्यांनी मैदानावर भेटा. प्रार्थना करा, पण सरावही करा. सराव कसला, तर २० मिनिटांचं एक स्टेशन (मैदानावरची एका खेळाची जागा, जिथे गट आळीपाळीने येतात) चालवायचा: दोन मिनिटांत नियम, करून दाखवणं, बाकी पूर्ण वेळ खेळ. आपल्याकडे समजावून सांगण्यातच दहा मिनिटं जातात आणि पोरं रांगेत उभी राहून कंटाळतात. घड्याळ लावून करा म्हणजे कळेल.

फुटबॉल त्यांना आपल्यापेक्षा बरा येतो, तिथे शिकवायला जाऊ नका. आपण देऊ शकतो अशी चीज म्हणजे खो-खो, लंगडी, लगोरी, यांना साहित्य जवळपास काही लागत नाही. खो-खो केनियात अगदी अनोळखी नाही, २०२५ ला दिल्लीत झालेल्या वर्ल्डकपला त्यांचाही संघ होता, पण तुमच्या कॅम्पमधल्या मुलांनी तो पाहिलेला नसणार. म्हणून सोपा करून शिकवा. आठ जण एका ओळीत, एकाचं तोंड इकडे तर शेजाऱ्याचं तिकडे. पळणारे तीन. पाठलाग करणाऱ्याने एकाच दिशेने धावायचं, मधून घुसायचं नाही, आणि खो द्यायचा तो मागून, पाठीला हात लावून आणि मोठ्याने. पहिला दिवस फक्त चालत खेळायचं, धावायचं नाही, म्हणजे दिशेचा नियम अंगात बसतो. खांब नकोत, त्या जागी प्लॅस्टिकचे शंकू ठेवा. सूर मारायला पूर्ण बंदी, मुरमाड जमिनीवर गुडघे-कोपर सोलवटून निघतात.

थोडी स्वाहिली पाठ करा: सिमामा म्हणजे थांब, न्जो म्हणजे ये, का चिनी म्हणजे खाली बस, माजी म्हणजे पाणी, तेना म्हणजे परत एकदा, विझुरी म्हणजे छान. मूल पडलं तर "पोले" म्हणत जवळ जायचं. मोठ्यांना भेटल्यावर "ब्वाना असिफिवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो, समोरून "आमिना" येतं.

तपासा: इंग्रजी न वापरता, फक्त हातवारे आणि या शब्दांवर तुमचं स्टेशन चालतंय का? चाललं तर तुम्ही तयार आहात.

## ९. मैदानावरचा दिवस

मुलं यायच्या आधी सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभं राहून अख्खं मैदान चालत पार करायचं आणि काचा, तारा, टोकदार दगड उचलायचे. हे रोज करायचं, कालच केलंय म्हणून आज सोडायचं नाही.

मग हजेरी. नाव, वय, कुणी आणलं, कोण न्यायला येणार, काही आजार. हा कागद जिच्याकडे आहे ती व्यक्ती दिवसभर जागा सोडत नाही.

वॉर्मअपला लगेच जोरात पळवू नका. काही मुलं उपाशीपोटी, लांबून चालत आलेली असतात. बऱ्याच कॅम्पमध्ये मधल्या वेळेला उजी देतात, आपल्या नाचणीच्या पेजेसारखी, ती शक्य असेल तर आधीच द्यायला यजमानांना सुचवा आणि दमवणारे खेळ त्यानंतर ठेवा.

गट दहा-बारा मुलांचे, प्रत्येक गटाला एक स्थानिक कोच आणि एक तुम्ही. शिट्टी झाली की स्टेशन बदलायचं, आणि बदलताना दर वेळी डोकी मोजायची. बारा घेऊन निघालात तर पुढच्या कोचला बारा म्हणून सांगून द्यायची. मुलं हरवतात ती स्टेशन बदलताना, खेळताना नाही.

पाणी प्रत्येक स्टेशननंतर, तहान लागली का असं न विचारता. तुम्हीही प्या, नैरोबीसारख्या उंच ठिकाणी पहिले एक-दोन दिवस खेळताना धाप लागू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मॅच खेळवताना अनवाणी मुलं आणि बूटवाली मुलं एकत्र खेळवू नका. एकतर सगळे अनवाणी किंवा दोन वेगळे गट. आणि तुम्ही स्वतः मॅचमध्ये गोल मारत सुटू नका, पंच व्हा.

## १०. हडल: खेळ आणि वचन यांचा जोड

खेळ थांबवून गट गोल करून बसतो, त्याला हडल म्हणतात. १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. गोष्ट स्थानिक कोच सांगणार, त्यांच्या भाषेत. तुमची साक्ष (तुमच्या विश्वासाचा अनुभव) असेल तर ती तीन मिनिटांत, छोट्या वाक्यांत, आणि भाषांतर करणाऱ्यासोबत आधी एकदा वाचून घ्या.

बायबलचं वचन नुकत्याच खेळलेल्या खेळाला धरून असू दे. खो देताना सोबत्यावर विश्वास ठेवावा लागतो, तेच धरून एकमेकांची ओझी वाहण्याबद्दल, गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं, बोलता येतं. मुलांना लगेच कळतं, कारण ती आत्ताच धावून आलेली असतात.

सावधान: "कुणी येशूला स्वीकारलं, हात वर करा" असं करून आकडे मोजू नका. परक्या देशातून आलेली, बॉल घेऊन आलेली मोठी माणसं विचारतात म्हटल्यावर मूल हात वर करणारच. प्रार्थना न करणाऱ्या मुलालाही तेवढाच खेळ, तेवढीच पेज, तेवढीच शाबासकी. ज्याला पुढे बोलायचंय तो त्याच्या कोचकडे जाईल, आणि कोच तिथे पुढच्या रविवारीही असणार आहे.

## ११. निघताना आणि परतल्यावर

"मी पुढच्या वर्षी नक्की येईन" असं मुलांना म्हणू नका, तिकीट काढलेलं नसताना तर नाहीच. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम स्थानिक कोचना चालवू दे, तुम्ही मागे उभे राहा. उरलेलं साहित्य यादी करून यजमानांच्या ताब्यात द्या आणि त्यांची सही घ्या.

यजमानांसोबत तासभर बसून तीन गोष्टी विचारा: काय उपयोगी पडलं, कशाचा त्रास झाला, आणि पुढच्या वेळी माणसं हवीत की त्याच पैशात दोन स्थानिक कोचचं ट्रेनिंग झालेलं बरं. दुसरं उत्तर आलं तर ते मनापासून घ्या, मंडळीला येऊन तसंच सांगा आणि पैसे पाठवायची वैध वाट सीएकडून समजून घ्या.

मंडळीसमोर रिपोर्ट देताना मुलांची खरी नावं, चेहरे आणि घरच्या गोष्टी वगळा. पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. आणि परत आल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन "मी केनियाला जाऊन आलोय, मलेरियाची टेस्ट करा" हे पहिलं वाक्य बोला.